डाव्या डोळ्याचं पाठांतर

बाराशे पटीचा मायक्रोस्कोप समोर असताना चारशे पटीचा घ्या म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला. त्याने बाजूला सारलेला डबा मी परत पुढे ओढला. डब्यावर हसरा मुलगा होता, सोबत मिळणाऱ्या सोळा वस्तूंची यादी होती आणि १२०० हा आकडा तर पार्किंगमधूनही वाचता आला असता.

"अगो बाय, तो आकडा डब्यावरच मोठा हाय," शरीफभाई म्हणाले. "आतली भिंगं प्लास्टिकची. बाराशेवर लावलंस तर नुसता गढूळ दिसल."

शरीफभाई रत्नागिरीचे. इथे आखातात, अल खौदला, युनिव्हर्सिटीच्या पोरांना लॅबचं सामान विकण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेलेली. मराठी माणूस आहे, फसवणार नाही, असं माझा नवरा व्हॅलेंटाईन म्हणाला म्हणून आम्ही तिथे गेलो होतो. मराठी माणूस फसवत नाही, हा शोध त्याला कुठे लागला देव जाणे.

निमित्त होतं आमच्या लेकीच्या, शेरॉनच्या फर्स्ट कम्युनियनचं, चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या सोहळ्याचं. वसईहून तिच्या पाद्रीनोचा, धर्मपित्याचा, फोन आला होता की चेन कुठल्या घडणीची करू. आमच्या बाईसाहेबांनी फोन हिसकावून सांगितलं, "अंकल, चेन नको. मायक्रोस्कोप." वय वर्षं आठ. तोवर माझ्या फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी पालीची शेपटी डबीत बसलेली होती. बुरशी धरलेला खुबूस, इथला अरबी पाव, मी फेकला म्हणून पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. त्यामुळे मायक्रोस्कोपला माझी ना नव्हती. पण घ्यायचा तर सगळ्यात मोठ्या आकड्याचा. माझा स्वभावच तसा. अल खुवैरच्या ऑफिसात माझ्या फायलीत कुणाला चूक सापडत नाही आणि घरी शेरॉनच्या वहीत सापडत नाही. पाढे, स्पेलिंग, कॅटेकिझमच्या प्रार्थना, विचारायच्या आधी सगळं तोंडपाठ. शेरॉन कुठल्याही परीक्षेला तयारीशिवाय गेलेली नाही, हे मी चारचौघांत नाक वर करून सांगायचे.

शरीफभाईंनी कपाटातून एक पांढरा, साधा दिसणारा मायक्रोस्कोप काढला. "हा बघ. लोखंडी अंग हाय, हलत नाय. भिंगं काचेची. खालून दिवा. चाळीस, शंभर, चारशे. पोरांना एवढा बस होतो. दोन चाकं हायत, मोठं आधी फिरवायचं, बारीक मग." त्यांनी आत एक काचपट्टी सरकवली. "ये गो शेरॉन. मुंगीचा पाय हाय. एक डोळा लाव, पण दुसरा मिटू नको. मिटलास तर थोड्या वेळात दमतो."

शेरॉनने डोळा लावला आणि ओरडलीच. "मम्मा! केस आहेत! मुंगीच्या पायाला केस आहेत!"

माझ्या बाराशेचा निकाल तिथेच लागला.

"आता दुसऱ्या डोळ्याने बघ," शरीफभाई म्हणाले. "ज्याचा त्याचा एक डोळा लाडका असतो. कुठला ते आजच ठरवू."

शेरॉनने डावा डोळा लावला. मग मान वर केली. "अंकल, लाइट गेली."

लाइट गेली नव्हती. शरीफभाईंनी स्वतः वाकून बघितलं. "हाय की. बघ परत."

"नुसतं व्हाइट आहे."

त्यांनी तिला तसंच वाकवून ठेवलं आणि मोठं चाक हळूहळू खाली नेलं, मग वर. "आता? आता दिसलं? आता?" दर वेळी ती मान हलवत होती. शेवटी त्यांनी माझाच तो बाराशेचा डबा उचलला, आपल्या हाताने तिचा उजवा डोळा झाकला आणि डबा तिच्यासमोर धरला. "किती लिहिलंय, बाय?"

शेरॉनने मान पुढे केली. जवळ, अजून जवळ, नाक डब्याला लागेपर्यंत. "अंकल, मी त्या डोळ्याने बघतच नाही. तो स्टेपनी आहे ना?"

गेल्या वर्षी इब्राच्या रस्त्यावर आमचा टायर फुटला होता. स्टेपनी चढवताना व्हॅलेंटाईनने तिला सांगितलं होतं की देवानेसुद्धा आपल्याला सगळं दोन दोन दिलंय, एक वापरायला, एक स्टेपनी. तेव्हा मी हसले होते. आता मी व्हॅलेंटाईनकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाय, आज काय घेऊ नको," शरीफभाई माझ्याकडे न बघता म्हणाले. "नुसता नंबर असता तर चाक फिरवून कुठे ना कुठे दिसलं असतं. मी किती पोरांना दाखवतो. हे वेगळं हाय. आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा."

मला राग आला. भीती वाटली की मला आधी राग येतो. मी त्यांना सुनावलं की शाळेत तिचे डोळे तपासलेत, दोन्ही डोळे सिक्स बाय सिक्स आहेत, नर्सने तिला स्टार दिलाय, त्याचा कागद माझ्याकडे फायलीत आहे. तुमच्याच वस्तूत खोट असेल. शरीफभाईंनी मुंगीची काचपट्टी तेवढी पुसून डबीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अल खुवैरच्या एका दवाखान्यात होतो. डॉक्टर कुबरा रायगडच्या निघाल्या, मराठीत बोलल्या, तेवढाच मला धीर आला. त्यांनी शेरॉनला खुर्चीत बसवलं. समोर भिंतीवर तो नेहमीचा तक्ता होता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी.

"उजव्याने वाच." वाचलं. झक्कास.

"आता उजवा झाक. डाव्याने."

मी व्हॅलेंटाईनचा हात घट्ट धरला. शेरॉन ताठ बसली आणि म्हणू लागली, "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी." कुठे अडखळली नाही. थेट खाली, "डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी."

"व्हेरी गुड," डॉक्टर म्हणाल्या. "सिक्स बाय सिक्स."

व्हॅलेंटाईनने कपाळावर, छातीवर क्रूस काढला. "बघ, म्हटलं नव्हतं? त्या म्हाताऱ्याने उगीच जीव खाल्ला आपला."

मला मात्र हायसं वाटेना. कारण तो सूर माझा होता. ओळ संपली की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढची ओळ. हे मी शिकवलं होतं. शेरॉन पहिलीत असताना तिच्या वर्गातल्या वल्लरीच्या आईने पालकांच्या ग्रुपवर शाळेच्या मेडिकल रूममधल्या अगदी अशाच तक्त्याचा फोटो टाकला होता, पुढच्या आठवड्यात आय टेस्ट म्हणून. टेस्ट! मला तेवढा एक शब्द पुरला. मी तो फोटो छापून फ्रिजवर लावला आणि रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की पोरीकडून घोकून घेतला. नर्स एक डोळा झाकेल, घाबरू नकोस, तेच म्हणायचं, हेसुद्धा मीच सांगितलं होतं. निकाल लागल्यावर ग्रुपवर 'शेरॉन सिक्स बाय सिक्स!' असं टाकलं होतं. जणू सहापैकी सहा मार्क.

एक क्षण वाटलं, गप्प बसावं. डॉक्टर म्हणतेय ना ठीक आहे. घरी जाऊ, व्हॅलेंटाईनला कळायचं कारण नाही, कुणालाच कळायचं कारण नाही. असं मला वाटलं, आणि ते मला वाटलं याची लाज मला अजून आहे.

"डॉक्टर," मी म्हणाले, "तिला दिसत नाहीये. तिला ते पाठ आहे. मी पाठ करून घेतलंय."

व्हॅलेंटाईनने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

डॉक्टर कुबरांनी खणातून एक जाड कार्ड काढलं. त्यावर एकच आकडा होता, माझ्या तळहाताएवढा सात. शेरॉनचा उजवा डोळा झाकून त्यांनी ते दोन हातांच्या अंतरावर धरलं. शेरॉन बघत राहिली. मग ती मागे वळली. चेहऱ्यावर रडू नव्हतं, परीक्षेत सिलॅबसबाहेरचा प्रश्न आल्यावर मुलं बघतात तशी ती माझ्याकडे बघत होती.

"मम्मा," ती हळूच म्हणाली, "हे वालं आपण केलं नाही."

मी खुर्चीवरून उठले आणि दाराशी जाऊन भिंतीला टेकले.

पुढे बरंच झालं. डोळ्यांत थेंब, यंत्रं, अंधारी खोली. डॉक्टरांनी समजावलं ते असं: डोळा वरून चांगला दिसतो, म्हणून कुणाला कळलं नाही. डाव्याला जन्मापासून मोठा नंबर असणार. अंधुक चित्र बघून बघून मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणं सोडून दिलंय. आता चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल.

"सुधारेल ना?" व्हॅलेंटाईनने विचारलं.

"सुधारेल असं वाटतंय. किती, ते आज सांगणार नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं. "पहिलीत आला असतात तर खूप सोपं गेलं असतं. आता आठ पूर्ण आहेत. दोन वर्षं गेली. पट्टी असताना तिला जवळचं, बारीक काम द्या, तिच्या आवडीचं."

व्हॅलेंटाईनने गाडी घराकडे न नेता अल खौदला घेतली. शरीफभाईंच्या दुकानासमोर थांबवली, एकटाच आत गेला आणि तो लोखंडी मायक्रोस्कोप घेऊन आला. मी उतरले नाही. शरीफभाई बाहेर आले आणि काचेतून शेरॉनला म्हणाले, "आधी चाळीसवर लाव हां. घाई नको." मी त्यांची माफी मागितली. काच खाली करायची राहून गेली, त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

आता रोज दुपारी, शाळेतून आल्यावर, उजव्या डोळ्यावर पट्टी, नाकावर चष्मा आणि जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप. पहिल्या दिवशी मी कांद्याचा पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवला, वर पाण्याचा थेंब टाकला आणि आधी स्वतः बघून घेतलं. विटांच्या भिंतीसारख्या पेशी, रांगेने. मग शेरॉनने डावा डोळा लावला. चाक खाली, चाक वर. बराच वेळ.

"मम्मा," डोळा न हलवता ती म्हणाली, "काय दिसतं म्हणून सांगू?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. आठ वर्षं मी तिला उत्तरंच देत आले होते. मी ओठ घट्ट मिटले.

"जे दिसतंय ते सांग."

"पण करेक्ट काय आहे?"

"मला माहीत नाही."

तिने वर बघितलं. मला माहीत नाही, हे वाक्य तिने माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पट्टीखालून चिकटपट्टीचा कोपरा सुटला होता, तो मी दाबून बसवला. ती परत वाकली.

"काहीच नाही दिसत, मम्मा," ती अगदी लहान आवाजात म्हणाली. "सॉरी."

"बरोबर," मी म्हणाले. "एकदम बरोबर उत्तर."

आणि तिच्या वहीत तारीख घालून, ओळीपुढे बरोबरची खूण करून, मी लिहिलं: काही दिसलं नाही. शेरॉनने ते उजव्या डोळ्याने वाचायला पट्टी वर करायला घेतली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं.