चुन्याची निवळी

बसलिंगप्पाचं डोकं मांडीवर घेऊन गुरुबाईने नवऱ्याच्या ओठांना वाटी लावली. वाटीत चुन्याची निवळी होती. चुना पाण्यात खाली बसवायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं घ्यायचं. पोटातली आग त्याने शमते, हे खटकचिंचोळीत कुणालाही विचारावं. दोन घोट गेले. तिने पिवळी गोळी उचलली.

"थांबा," तपासायला आलेले डॉक्टर नरहरराव म्हणाले. "हे काय पाजलंत?"

"निवळी. गोळीनं लई जळायलंय त्यांच्या पोटात, ओकायलेत. म्हणून आधी निवळी द्यायची अन् वर दूध."

"दर गोळीला?"

"व्हय."

नरहररावांनी तिच्या हातातली गोळी काढून घेतली. न्यूमोनियाने बसलिंगप्पाची छाती भात्यासारखी चालली होती. पोलिस ॲक्शन होऊन तीन वर्षं झाली, तरी हे नवं औषध हैदराबादेच्या अलीकडे मिळत नव्हतं. नाना ओळखी काढून त्यांनी एक डबी मिळवली होती आणि ती आता संपत आली होती. ताप मात्र हटत नव्हता. बसलिंगप्पा हाती लागत नाही, असं त्यांनी मनाशी धरूनच टाकलं होतं.

"बाई, हे औषध चुन्याला धरून बसतं. दुधालासुद्धा. पोटात अडकतं, रक्तात जातच नाही. इतक्या गोळ्या फुकट गेल्या." त्यांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं होतं द्यायला?"

दारात सासू, गंगव्वा, दुधाचा पेला घेऊन उभी होती. लेकासाठी निवळी करणारी तीच. तिच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

"म्याच दिली, डाक्टरसाब. माझ्याच मनानं."

ती खोटं बोलते आहे हे नरहररावांना कळलं. आपणही कधी विचारलं नाही, हेही कळलं. ते हळू आवाजात म्हणाले, "आता पोट रिकामं होऊ द्या, मग गोळी द्या. नुसत्या पाण्याबरोबर. ती पोटात राहिली तर काही आशा आहे."

दुपारी गोळी दिली. थोड्याच वेळात बसलिंगप्पा पोट धरून तळमळू लागला.

"अव्वा, आग व्हायलीय गं. निवळी दे."

गंगव्वा भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. या लेकाने मागितलं आणि तिने नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं.

"अव्वा, मरायलोय गं मी!"

त्याला उमासा आला. गुरुबाईने वाटी सासूपुढे धरली.

"माझ्यानं न्हाई बघवत, आत्याबाई. द्या दोन घोट."

गंगव्वा उठली. तिने लेकाचं डोकं छातीशी घेतलं आणि त्याच्या तोंडावर तळवा गच्च दाबून धरला. तो तडफडला, गुरगुरला, तळव्याला कडकडून चावला. शेवटी वर आलेला घुटका परत घशाखाली गेला आणि तो निपचित पडला. श्वास चालू होता.

"आत्याबाई, हात सोडवा. रगत यायलंय."

"येऊ दे," गंगव्वा म्हणाली. "गोळी आतच हाय न्हवं? ते बघ आधी."