जावेपेक्षा वरचढ कार्ड

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, जागा आहे. आज मत्सराची गोष्ट सांगते. आणि हा मत्सर शिरला कुठे म्हणाल, तर कॉम्प्युटरच्या डब्यात!

दोन जावा होत्या. घरं शेजारी, मधली भिंत एकच. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. ते देवाघरी गेले आणि सगळ्यांच्या मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ तेवढे उरले. सासूबाईंची नजर मंदावत चाललेली, डॉक्टरांनीही हात टेकलेले. त्यांचं मागणं एकच : "दिसतंय तोवर यांना एकदा सलग बघू द्या गं."

घरातले व्हिडिओ जोडायची ती थोरली. हेही काम तिनेच घेतलं. पण मध्येच धाकटीने आपल्या नव्या कॉम्प्युटरवर एक छोटा तुकडा जोडून दाखवला, आणि सासूबाई म्हणाल्या, "अगदी समोर बसलेत गं!"

झालं! थोरलीचा नुसता जळफळाट. "मी वर्षानुवर्षं जोडतेय, मला कधी म्हणाल्या असं?" हे तिने भांड्यांना ऐकवलं, दुसरं ऐकणार कोण? भिंतीपलीकडून व्हिडिओतल्या सासऱ्यांचा आवाज आला की ही भांडी आणखी जोरात आपटायची.

ती तडक दुकानात गेली.

"जावेकडे आहे त्याच्यापेक्षा वरचढ ग्राफिक्स कार्ड द्या."

"जावेचं राहू द्या बाई, तुमचं काम काय?" दुकानदाराने विचारलं. "मोबाइलचे मोठाले व्हिडिओ जोडायचे तर आधी मेमरी वाढवा, वेगवान डिस्क घ्या. चित्र पळवणारं कार्ड मधल्या ताकदीचं चालेल."

"तिचं कोणतं आहे?"

"ते मला कसं माहीत?"

"मग सगळ्यात मोठं द्या!"

कार्ड एवढं लांब की जुन्या डब्यात मावेना. मग डबाही नवा आला. मेमरी आणि डिस्क राहिली जुनीच. संध्याकाळी तिने सासूबाईंना कौतुकाने समोर बसवलं. पडद्यावर सासऱ्यांनी चिमट्यात घड्याळाचा काटा उचलला आणि चित्र तिथेच गोठलं. आवाज पुढे, माणूस मागे.

"का गं, थांबले का हे?" म्हणत सासूबाई पडद्याला नाक लावून पाहू लागल्या. कालपर्यंत त्यांना हातभर अंतरावरून दिसत होतं.

 चप्पल न घालताच थोरली शेजारी गेली.

"धाकटे, तुझं कार्ड कोणतं गं?"

"मधलंच आहे, ताई. मेमरी मात्र भरपूर घेतली, आणि डिस्क वेगवान. तुम्ही विचारलंच नाहीत कधी!"

दुसऱ्या दिवशी थोरली कार्ड परत घेऊन दुकानात. जावेपेक्षा वरचढ अशी तिच्याजवळ तीच एक वस्तू होती. काउंटरवर ठेवताना बोटं सुटेनात.

"आता काय देऊ, जावेपेक्षा वरचढ?" दुकानदार हसला.

"जावेसारखंच द्या," ती पुटपुटली.

नवी मेमरी, नवी डिस्क बसली, व्हिडिओ जोडून झाले आणि सासूबाईंनी सगळं सलग पाहिलं. मग विचारलं, "कुणी केलं गं?"

'मी' हा शब्द थोरलीच्या ओठांवर आला. खोटा नव्हता तो. धाकटी शेजारीच उभी होती.

"जोडलं मी. पण अडलं होतं ते हिने सोडवलं."

सासूबाईंनी चाचपडत हात धरला, तो आधी धाकटीचा. थोरलीला टोचलं. खोटं कशाला सांगू, अजून टोचतं.

तर बाबांनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा सासूबाईंची आठवण तुम्ही काढालच. त्या थोरलीचीही काढा. जळत होती, तरी खरं बोलली.