तारेत ओवलेला थर्मोस्टॅट

मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण मी गाडीच्या इंजिनात, पाण्याच्या वाटेवर बसतो. बसायचो. पितळेची एक गोल चकती, मधोमध झडप, पोटात मेण. इंजिन गार असलं की मी दार लावून घेतो, म्हणजे पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिनाला ऊब येते. ब्याऐंशी अंशांना माझं मेण वितळून फुगतं, दार उघडतं, तापलेलं पाणी रेडिएटरकडे जातं आणि निवून परत येतं. एवढंच माझं काम. ते मी एकोणतीस वर्षं केलं आणि एकदाही चुकलो नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझ्याशिवाय ते कुणी बोलणार नाही.

ब्याऐंशी अंश.

माझी गाडी ईदरची होती. फिकट पिवळी, लांब, जुनी टॅक्सी. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं, मागे चौघं, असे सहा उतारू भरून ती ॲटलास डोंगरातली खिंड ओलांडायची आणि संध्याकाळपर्यंत परतायची. बापाच्या मागे ईदरला हीच एक गाडी मिळाली होती. घरात सात माणसं. ही गेली तर दुसरी होणार नव्हती. रोज सकाळी स्टिअरिंगवर हात ठेवून तो म्हणायचा, "बाई, आजचा दिवस ने."

आम्ही नेत होतो. माझं नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. दार नीट उघडत असलं की दाराची आठवण कुणाला येते?

मग एका उन्हाळ्यात काटा लालकडे सरकू लागला. फक्त खिंडीजवळ. सपाटीवर सगळं ठीक. गाडीखाली थेंब पडत नव्हता, तरी रोज सकाळी दोन ग्लास पाणी कमी भरायचं. ते कुठे जातं, हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

वीस अंश.

गॅरेज मअल्लम होस्साचं. आमच्याकडे हातात कसब असलेल्या उस्तादाला मअल्लम म्हणतात, आणि म्हटलं की त्याच्यापुढे बोलत नाहीत. होस्साने बॉनेट उघडलं. ईदर सांगू लागला, "मअल्लम, फक्त वर गेल्यावरच–"

"थर्मोस्टॅट," होस्सा म्हणाला. "आपल्या उन्हाला हा कशाला हवा? गार देशातल्या लोकांचं खूळ आहे ते."

दोन बोल्ट, आणि मी बाहेर. भिंतीवर खिळ्याला एक तार होती. तीत माझ्यासारखे बावीस जण ओवलेले. मी तेविसावा.

माझी स्तुती आयुष्यात एकदाच झाली, तीही मी नसल्याची. दुसऱ्या दिवशी ईदर सपाटीवर चक्कर मारून आला आणि हसत म्हणाला, "काटा बघा, कसा खाली बसलाय." सगळे म्हणाले, वा.

आठवड्याने गाडी खिंडीत पुन्हा उकळली. रेडिएटर धुतला. पंखा बदलला. पुन्हा उकळली.

उकळती किटली.

गॅरेजला लागून इत्तोखालाचं, म्हणजे इत्तोमावशीचं, दुकान; तिथे बाकल्याचं, म्हणजे वालासारख्या मोठ्या दाण्यांचं, दाट सूप मिळायचं. सकाळी टॅक्सीवाले तिथेच वाटी घेऊन बसत. त्या सकाळी तिने ईदरला विचारलं, "परत वरच उकळली?"

"हो, खाला."

"आणि खाली नाही?"

"नाही."

"माझं माहेर वर आहे. तिथं उघड्या भांड्यात बाकला दिवसभर ठेवला तरी टणक. पाणी नीट तापायच्या आधीच उकळतं मेलं. म्हणून आईला कुकर घेऊन दिला. तर त्याचं रबर गेलं, आणि वाफ सगळी बाहेर. खाली पातेलं कोरडं." तिने पळी झटकली. "तुझ्या रेडिएटरच्या झाकणालाही रबर असेल ना? बघितलंय कुणी?"

गाडीखालून होस्साचा आवाज आला. "ऐकलंस ना, ईदर? आता इंजिनात जिरंच टाकायचं राहिलंय."

सगळे हसले. इत्तो गॅरेजात आली, तारेतून मला सोडवलं आणि आपल्या दुकानातल्या उकळत्या किटलीत टाकलं. मी उघडलो. जसा रोज उघडत होतो तसाच. पहिल्यांदाच कुणीतरी मला उघडताना बघत होतं.

"बघ, हा तर चांगला आहे. बिचाऱ्याला उगाच टांगलात."

ईदरने किटलीत पाहिलं. मग बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. चारचौघांत मअल्लमला खोटं पाडलं की पुढच्या वेळी आपली गाडी आठवडाभर दारात उभी राहते, हे त्याला माहीत होतं. तो ओशाळं हसला. "खाला, मअल्लमना कळतं हो."

गाडी वीस पावलांवर उभी होती. इंजिन गार होतं. झाकण एका हाताने उघडलं असतं.

होस्साने मला परत तारेत ओवलं.

किती अंश, माहीत नाही.

इथे मी नव्हतो. सुपाच्या दुकानात जे तुकडे ऐकले ते देतो.

सहा उतारू. डिकीत एक मेंढी.

खिंड चार वळणांवर, आणि काटा लाल.

झाकणातून शिट्टी.

ईदर घाबरला. कडेला बर्फाच्या पाण्याचा झरा होता. बादली भरून तापल्या इंजिनात ओतली. एकदम.

टक्.

एवढाच आवाज झाला, असं सगळ्यांनी सांगितलं. इंजिनाचं डोकं तडकलं होतं.

पुन्हा वीस.

गाडी ओढून आणली. ईदर तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसला. होस्सा म्हणाला, "जुनं इंजिन. अल्लाची मर्जी." मग त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आतल्या रबरावरून बोट फिरवलं. वाळक्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं ते बोटावर आलं. क्षणभर तो बोटाकडे बघत राहिला. मग बोट पँटला पुसलं आणि झाकण लावलं.

मी पाहिलं. इत्तोनेही दारातून पाहिलं. तिने ईदरला ते अजून सांगितलेलं नाही. आता सांगून काय होणार, असं तिला वाटत असावं.

गाडी भंगारात गेली. ईदर हल्ली टॅक्सीतळावर दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी उतारू गोळा करतो. खिंडीपलीकडच्या गावांची नावं ओरडून ओरडून त्याचा घसा बसलाय. होस्साला तो अजून आधी सलाम करतो.

काल एक गाडी आली, तापणारी. माझ्या शेजारी चोविसावा आला. अजून त्याच्या अंगाला ओल आहे.

मित्रांनो, कधी तुमच्याकडे जुनी गाडी असली आणि ती तापली, तर थांबा. ती पूर्ण निवू द्या. कधी तापते, कुठे तापते, पाणी किती कमी होतं, हे आधी विचारा. मग झाकण उघडून रबरावरून बोट फिरवा.

आणि बोटाला जे लागेल, ते पँटला पुसू नका.