डिंकसरांची कव्हरं

वार्षिक सभेच्या दिवशी सकाळीच मुख्याध्यापिकाबाईंचा चहा तसाच निवत होता, आणि त्याचं कारण समोरच बसून चहात बिस्किट बुडवत होतं. कारण म्हणजे त्यांच्या सासूबाई.

सासू-सुनेचं नातं तसंही जपूनच हाताळायचं असतं. त्यात सासू त्याच शाळेची माजी मुख्याध्यापिका असली, की सुनेने कुठे जावं? घरात त्यांना आई म्हणायचं, शाळेत मोठ्या बाई. घरी आमटीत मीठ कमी आणि शाळेत शिस्त कमी, हे दोन्ही शेरे बाईंना एकाच तोंडून मिळत.

"आज तू माझ्या खोलीचा विषय काढणार आहेस म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

"काढणार आहे, आई."

"काढ बाई, काढ. मी कशाला मध्ये बोलू? मी आता निवृत्त."

वर्तमानपत्रामागे बाईंचा नवरा उगाच खोकला. या दोघींच्या मध्ये पडायचं नाही हे त्याने लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं, आणि त्या एका निर्णयावर त्याचा संसार सुखाचा झाला होता.

विषय असा होता. मोठ्या बाईंच्या काळात शाळेची पुस्तकं काचेच्या कपाटांत कुलपाआड असत. मुलांनी ती काचेतून बघायची, फार तर काचेवर श्वास सोडून बोटाने चित्र काढायचं आणि त्याबद्दल ओरडा खायचा. मोठ्या बाईंनी ती पुस्तकं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. सुनेने मुख्याध्यापिका झाल्या झाल्या कपाटं उघडली आणि पुस्तकं व्हरांड्यातल्या मांडण्यांवर आणून ठेवली. वर्षभर पोरं त्यांवर तुटून पडली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून चालताना मुलांच्या पायांवर पाय पडायचे, इतकी ती तिथे फतकल मारून बसलेली असत.

पण वाटेत पसारा नको, म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं: पुस्तकांना नीट खोली द्या, नाहीतर ती पुन्हा कपाटात जाऊ द्या. रिकामी खोली शाळेत नव्हती. तेव्हा बाईंनी आपलंच ऑफिस देऊन टाकायचं ठरवलं. आपण काय, शिक्षकांच्या खोलीत एका कोपऱ्यात बसू. अडचण एवढीच, की त्या ऑफिसात मोठ्या बाईंचं अख्खं आयुष्य गेलं होतं. आणि अध्यक्ष मोठ्या बाईंचे जुने विद्यार्थी. आज त्यांचं पोट सुटलं होतं, केस गेले होते, पण मोठ्या बाई दिसल्या की ते अजूनही हात मागे बांधून उभे राहत. मोठ्या बाईंकडे बघितल्याशिवाय त्यांची मान ना होकाराला हलायची, ना नकाराला.

सभेआधी पालकांना आणि अध्यक्षांना मांडण्या दाखवायच्या होत्या. म्हणून बाईंनी आदल्या दिवशी हस्तकलेच्या सरांना सहज सांगितलं होतं, "सर, पुस्तकं जरा नीट लावून ठेवाल का?"

हीच चूक झाली. हस्तकलेच्या सरांना सारी शाळा डिंकसर म्हणे. त्यांना 'जरा' हा शब्द कधी कळलाच नाही. पताका करायला सांगितल्या की ते सगळी इमारत गुंडाळत. बाई सभेच्या तासभर आधी व्हरांड्यात पोचल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

मांडण्यांवर खाकी कागदाच्या भिंती उभ्या होत्या. एकूण एक पुस्तकाला नवंकोरं, कडक कव्हर. फाटलेली पानं चिकटवलेली, दुमडलेले कोपरे दाबून सरळ केलेले. एकही पुस्तक कुणी कधी हातात घेतलंय असं वाटत नव्हतं.

"कसं झालंय?" डिंकसरांचे डोळे जागरणाने लाल आणि आनंदाने ओले झाले होते. "आठवीचा अख्खा वर्ग राबला, बाई."

"सर, पण पुस्तकांची नावं कुठायत?"

"चिठ्ठ्या उद्या लावतो. डिंक संपला."

डिंकसरांचा डिंक संपला! बाईंना हसावं की रडावं कळेना. वर्षभर मुलांनी पुस्तकं वाचून वाचून खिळखिळी केली, हीच तर शाळेची खरी प्रगती होती. ती दाखवायची होती, आणि या भल्या माणसाने ती कागदात गुंडाळून टाकली. पण त्याचा चेहरा बघून त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "छान झालंय, सर."

सभेत बाईंनी वर्षाचा आढावा वाचला. गळके नळ गळायचे थांबले होते. मुलींचा संघ चक्क एक सामना जिंकला होता, तोही समोरचा संघ हजर असताना. भागाकाराला घाबरणारी चौथी आता फक्त अपूर्णांकांना घाबरत होती. पालक हसले, टाळ्या पडल्या. मग बाईंनी पुढच्या वर्षाच्या योजनेत वाचनाची खोली मांडली आणि सगळे व्हरांड्यात आले.

अध्यक्षांनी मांडण्यांकडे कौतुकाने पाहिलं. "वा! काय टापटीप! पण बाई, ही तर कुणी उघडलेलीसुद्धा दिसत नाहीत. मग यांना वेगळी खोली कशाला?" आणि त्यांची मान सवयीने मोठ्या बाईंकडे वळली.

मोठ्या बाई खुर्ची मागवून बसल्या होत्या. त्यांनी मांडणीवरचं एक पुस्तक उचलून मांडीवर ठेवलं. "माझ्याही काळात अशीच स्वच्छ असायची," त्या म्हणाल्या. मध्ये न बोलण्याचं व्रत तिथेच संपलं.

समजावून सांगायला गेलं तर डिंकसरांचं सगळ्यांसमोर हसं होणार, आणि गप्प राहिलं तर पुस्तकं कुलपात जाणार. बाईंनी मागे पाहिलं. पालकांच्या पायांतून मुलं डोकावत होती.

"पोरांनो," बाई म्हणाल्या, "ज्याला आपलं आवडतं पुस्तक सापडेल त्याने ते घेऊन यावं."

आता नावं नाहीत, सगळी कव्हरं एकसारखी. मुलं गोंधळणार, असं बाईंनाच क्षणभर वाटलं. पण मुलं गोंधळली नाहीत. ती मांडण्यांवर तुटून पडली. कुणी पुस्तक हातात तोलून बघितलं, कुणी पाठीवरून बोट फिरवलं. एकाने डोळे मिटून पुस्तक सोडलं आणि ते आपणहून देवमाशाच्या चित्रावर उघडलं. एकीने तीन पुस्तकं हुंगली आणि चौथं छातीशी धरलं. "हेच! याच्यावर मी दूध सांडलं होतं!"

"दूध?" मोठ्या बाई किंचाळल्या.

"थोडंसंच," ती म्हणाली.

पालक खो खो हसले. डिंकसर मात्र तोंडाचा आ करून आपल्या भिंती ढासळताना बघत होते, आणि नंतर तेही हसायला लागले. बाईंचा जीव भांड्यात पडायला आला होता, तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी सगळ्या मांडण्या धुंडाळून रिकाम्या हाताने मोठ्या बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"आजी, ते माझं आहे."

मोठ्या बाईंनी मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. "कशावरून गं?"

"त्याला शेवटचं पान नाहीये. मी सगळ्यांना शेवट सांगते. रोज नवा."

मोठ्या बाईंनी पुस्तक उलटून मागून उघडलं. शेवटचं पान खरंच नव्हतं. मग त्यांनी पहिलं पान उघडून नाव वाचलं. हे पुस्तक त्यांनीच निवडून आणलं होतं, आणि त्यानंतर दर आठवड्याला स्वतःच्या पदराने पुसलं होतं.

"खरा शेवट काय आहे, आजी?"

"मला नाही माहीत."

"तुम्ही वाचलं नाही?"

"नाही गं. कपाटाला कुलूप असायचं."

"किल्ली कुणाकडे होती?"

सुनेला वाटलं, पुढे होऊन पोरीला मागे ओढावं. सासूचा इतका लहान झालेला चेहरा तिने कधी पाहिला नव्हता, आणि तो पाहून तिला जिंकल्याचा आनंद अजिबात झाला नाही.

"माझ्याकडे," मोठ्या बाई म्हणाल्या.

पोरीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती सरळ त्यांच्या खुर्चीला टेकून बसली आणि गोष्ट पहिल्यापासून सांगू लागली. अध्यक्षांनी हात मागे बांधून हळूच विचारलं, "मोठ्या बाई, खोलीचं काय करायचं?"

"देऊन टाक," मोठ्या बाई वर न बघता म्हणाल्या. "आणि आता जरा गप्प उभा राहा. मला ऐकू येत नाहीये."