सुपडूची गाडी

"खाई ले रे बाबा, येक घास." भिकुबाईने कळण्याच्या भाकरीचा तुकडा पोराच्या ओठाला लावला.

सुपडूने तोंड फिरवलं. "गाडी उनी नही."

गाडी तर शिरूड स्टेशनात येऊन त्याच्या समोरच उभी होती. नवी कोरी, विजेची. धुळे-चाळीसगाव मार्गावरच्या साऱ्या जुन्या डिझेल गाड्या एका दमात बदलल्या होत्या. आता धूर नाही की धडधड नाही, आणि पायरी अशी खाली की भिकुबाईच्या गुडघ्यांनी दुवा द्यावा. पहिल्या दिवशी तिने स्वतः गाडीला हळद-कुंकू वाहिलं होतं. त्याच दिवसापासून सुपडूच्या पोटात अन्न नव्हतं.

आधीची लेकरं दगावली, म्हणून हा जन्मताच सुपात घातला आणि नाव पडलं सुपडू. जगला बिचारा, पण समज चार वर्षांच्या पोराएवढीच राहिली. जेवायला छळायचा आणि भिकुबाईला निंदणीची घाई. मग इंजिनाचा भोंगा वाजला की ती म्हणायची, "गाडीबाबा उना, आते खा." पोरगं मटामटा जेवायचं. आता त्याचे कानशिलावरचे केस पिकले, बाप रुपचंद गेला, पण गाडी आल्याशिवाय घास नाही. आपल्याच हाताने लावलेली सवय अशी गळ्याशी आली होती.

डॉक्टरांनी सलाईन लावून हात टेकले होते. आज सुपडूला उभंही राहवेना. भिकुबाई धावत ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेली.

"भाऊ, तुन्हा पाय पडस. भोंगा वाजाड, मोठा. मन्हा पोऱ्या उपाशी मरस."

ड्रायव्हरने बाकावरच्या सुपडूकडे पाहिलं आणि काही न विचारता लांब भोंगा दिला. सुपडूने मान वर केली, कान दिला, आणि डोळे मिटून मान पुन्हा खाली घातली.

"ती नही."

"जुनी गाडी आता येणार नाही, अक्का," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

भिकुबाईने ताट पोराच्या मांडीवर ठेवलं. पदर खोचला, तोंडाशी ओंजळ धरली. पहिला भोंगा घशातच अडकला, ठसका लागला. दुसरा निघाला. मग ती फलाटावर पाय आपटू लागली, धडधड धडधड, एकेका पावलाला गुडघ्यातून कळ जात होती.

सुपडूने डोळे उघडले. "उनी," तो म्हणाला आणि त्याने भाकरी मोडली.

गाडीच्या खिडक्या माणसांनी भरल्या. कुणी हसलं, कुणी मोबाईल काढला. भिकुबाईला लाज वाटायलाही सवड नव्हती. तिला एकच भीती पोखरत होती: मी गेले की याला कोण जेवू घालणार?

नवी गाडी आवाज न करता निघून गेली. भिकुबाई थांबली नाही. ताटात अजून अर्धी भाकरी होती.