माझ्या तळाशी पितळी मासा

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. मित्रांनो, ट्रंक म्हटली की तुम्हांला सहलीची हौस आठवत असेल. मला मात्र प्रवासाचा वीट आला आहे. नुसता वीट नाही, रागही येतो, आणि तो कुठे काढावा ते कळत नाही.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात ठोकून ठोकून मला आकार दिला. लेफ्टनंट ऑब्री पेनरोझ यांनी मला विकत घेतले, तेव्हा त्यांना नीट मिशाही फुटल्या नव्हत्या. त्यांचा अर्दली डकेट याने माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा हुद्दा आणि नाव लिहिले. ती अक्षरे कोरीव असल्यासारखी देखणी होती. सगळी पलटण मला पाहून जाई, आणि मी फुशारून जाई.

त्याच वर्षी साहेबांचे लग्न झाले. त्यांची बायको विनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरची. माहेरच्या बाजारातून तिने दार ठोठावायचा एक पितळी मासा आणला होता. "आपल्या स्वतःच्या घराच्या दाराला लावायचा," ती म्हणाली.

"पुढच्या बदलीला घर घेऊच की," साहेब म्हणाले.

विनीने मासा फलाटीनच्या मऊ कापडात गुंडाळून माझ्या अगदी तळाशी ठेवला. त्यावर गणवेश आले.

ती पुढची बदली जर्मनीत झाली, मग सायप्रसला, मग मलायात. घर नेहमी सैन्याचेच. साहेब कॅप्टन झाले की डकेट जुन्या अक्षरांवर काळा रंग फासायचा आणि नवा हुद्दा लिहायचा. मेजर, कर्नल, ब्रिगेडियर झाले, दर वेळी पुन्हा काळा रंग. माझी पाठ रंगाने जड होत चालली. लोक झाकण वाचून वाहवा करत. उघडत मात्र अर्धवटच. वरचे कपडे काढायचे, तळाला हात कोणी घालायचे नाही. गंज आतून चढतो, हे कोणाच्या गावीही नव्हते.

प्रत्येक घर सोडताना तपासणी व्हायची. पांढरे हातमोजे घातलेला कारकून यायचा आणि ओव्हनच्या कोपऱ्यात बोट फिरवायचा. हजारो जवानांना हुकूम सोडणारे ब्रिगेडियर पेनरोझ त्याच्यापुढे काठी गिळल्यासारखे ताठ उभे राहायचे. आदल्या दिवशी गुडघे टेकून ओव्हन घासलेला असायचा विनीने.

"इथे काहीतरी चिकटलंय, बाईसाहेब," एकदा कारकून म्हणाला.

"ते आमच्या आधीच्या बाईंचं आहे," विनी फणकारली. "त्यांचा करपलेला मटणाचा रस्सा मी कुठेही ओळखेन!"

पुढे विनीची मावशी वारली आणि कॉर्नवॉलमधले तिचे छोटे घर विनीला मिळाले. साहेबांचे निवृत्तीचे वय जवळ आले होते. मला वाटले, सुटले एकदाची! पण वर्षारंभी बढत्यांची यादी लागणार होती, आणि साहेबांचा जीव तिच्यात अडकला होता.

"डकेट, 'मेजर जनरल' लिही," त्यांनी फर्मावले.

डकेट आता सार्जंट झाला होता. त्याने कान खाजवला. "यादी लागू द्या ना, साहेब. आधी रंग लावला की हुद्दा पळतो, असं आपल्या पलटणीत म्हणतात."

"मला आतली खबर आहे. लाव तू रंग."

यादी लागली. साहेबांचे नाव नव्हते, त्यांच्या हाताखालच्या दोघांची होती. डकेटने टर्पेंटाइनने अक्षरे पुसली, तरी ती पुसट दिसतच राहिली. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आता तरी चल," विनी म्हणाली. "घर वाट बघतंय."

"असं नाक कापून घेऊन? नाही. आणखी एक नेमणूक घेतो. एकदा दाखवूनच देतो."

"कुणाला दाखवणार? या ट्रंकेला?"

विनीने माझे झाकण उघडले, गणवेश भराभरा पलंगावर फेकले, तळाशी हात घातला आणि मासा काढला. "ब्रिगेडियरचं घर पुष्कळ सांभाळलं. आता माझं सांभाळते." दुपारच्या गाडीने ती एकटीच गेली. साहेबांनी गणवेश पुन्हा घड्या करून माझ्यात भरले. मला ओरडावेसे वाटले, पण ट्रंकेला फक्त करकरता येते.

पुढे ते मेजर जनरल झाले, तेही सैन्याच्या कांबळ्यांचा हिशेब पाहणाऱ्या कचेरीत. भोजनगृहात त्यांच्या नावाने पेले उंचावले गेले. घरी आल्यावर त्यांनी डब्यातले गार मांस उभ्याउभ्याच खाल्ले. निवृत्त होताना त्यांनी ओव्हन स्वतः घासला. "चकाचक आहे, साहेब," कारकून म्हणाला. साहेबांनी हे विनीला सांगायला सवयीने मागे वळून पाहिले. मागे मी होते.

मग आम्ही कॉर्नवॉलला आलो. समुद्राचा वारा सुटला होता. निळ्या दारावर तो मासा लखलखत होता. साहेबांनी तो ठोठावला.

"कोण?" आतून विनीचा आवाज आला.

सवयीने साहेब ताठ झाले. "मेजर जनरल पेनरोझ."

"असं कोणी इथे राहत नाही."

साहेब माझ्यावर बसले, अगदी हुद्द्यावरच. बराच वेळ बसले. मग उठून पुन्हा मासा ठोठावला. "विने, मी ऑब्री. मला ओव्हन घासता येतो आता."

दार उघडले. विनीने त्यांना हाताला धरून आत घेतले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "ही बाहेरच राहू दे. लेफ्टनंट दिसायला लागला की बघू."

मित्रांनो, तेव्हापासून मी ओसरीत आहे. खाऱ्या वाऱ्याने माझा रंग पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो आहे. चीड येते, हुद्दे मी मागितले नव्हते, ओझे मात्र मी वाहिले. तुमच्या घरात एखादी ट्रंक असेल, तर तिला वरवर पुसू नका. 'पुढच्या वेळी' म्हणून तिच्या तळाशी काही ठेवले असेल, तर आजच हात घालून बाहेर काढा. आणि जमल्यास तिच्या बिजागरीला तेल द्या.

मेजर जनरल केव्हाच उडाला. ब्रिगेडियर गेला, कर्नलही गेला. रोज सकाळी विनी माशाला पुसायला बाहेर येते, वाकून माझे झाकण वाचते.

"अजून मेजरच आहे रे," ती आत ओरडून सांगते, आणि दार लावून घेते.