बुडबुड्याची दोन टोकं

‘भावाचं उणं बाई, पदराखाली झाक,
चारचौघांत त्याची मान वर राख...’

ओले कपडे झटकता झटकता आई हे गुणगुणायची. आई जाऊन वर्षं लोटली, पण तो आवाज आज लेकीच्या कानातून हटत नव्हता.

टेबलावर काचेची पट्टी आणि तिच्या पोटात केसाएवढी बारीक वाट. त्या वाटेने औषधाचं पाणी सरकत होतं, मधूनच एखादा हवेचा बुडबुडा. एका अंगाने दिवा, दुसऱ्या अंगाला उजेड टिपणारा डोळा. बुडबुडा आला की उजेड दबायचा आणि आकडा पुढे सरकायचा. बारीकसारीक बुडबुडे माफ. जिवावर बेतणारा लांब आला, उजेड बराच वेळ दबून राहिला, तर मात्र यंत्राने बोंब मारायची. दादाने हाडाची काडं करून ते बनवलं होतं.

“मुठीएवढं बाळ आहे वॉर्डात,” यंत्र न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्याच्या सलाइनला आजच लावते.”

“न्या की! माझा डोळा डुलकी घेत नाही. हवं तर हिला विचारा,” दादा हसला, “माझ्या चुका काढायलाच जन्मलीय ही!”

ती कसनुशी हसली.

सकाळीच तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. लांबुळका बुडबुडा सरकत गेला, आकडा दोनने वाढला आणि गजर मुका. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. गोल टोकांशी उजेड वाकत होता, मधल्या सपाट पोटातून मात्र आरपार जात होता. डोळ्याला टोकं तेवढी दिसत होती, पोट नाही. चाचणीला दादाने बारीकच बुडबुडे सोडले होते, मग त्याला कळणार कसं? ती सांगायला आली, तोवर बाई येऊन बसल्या होत्या.

“दादा, जरा बाहेर येतोस?”

“आता काय गं चिमणे? पाहुण्यांना वाटेला लावू दे आधी.”

त्याने वायर गुंडाळली. यंत्र पिशवीत गेलं. चेन ओढली गेली.

“बरं वाटत नाही का तुला?” बाईंनी विचारलं. “चेहरा पांढराफटक पडलाय.”

“काही नाही.”

बाई दाराशी पोचल्या. दादा पुढे होऊन दार उघडायला लागला. त्याची पाठ कशी ताठ, किती दिवसांनी ताठ! तिने धावत जाऊन पिशवीचा बंद धरला.

“अगं, वेड लागलं का?” दादा ओरडला.

“बाळाला लावू नका हे,” ती म्हणाली. “दादा, तुझं यंत्र लांब बुडबुड्याला दोन लहान समजतं. मी डोळ्यांनी पाहिलंय.”